‘ऑपरेटरची गरज नाही’ म्हणे!

मा. संपादक,
स. न.

कालच्या मालमत्ता पुरवणीतला ‘स्मार्ट’ एसटीपीवरचा, म्हणजे सोसायटीचं मैलापाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवरचा लेख वाचला. त्याला लेख म्हणायचं की कंपनीचं माहितीपत्रक, ते तुम्हीच ठरवा. सेन्सर, मोबाइल ॲप, ‘ऑपरेटरची गरज नाही’, ‘शंभर टक्के पुनर्वापर’ हे सगळं एका पानात बसवलंत. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर, हा शब्द मात्र त्यात एकदाही नाही.

शंभर टक्क्यांचा हिशेब करून पाहा. सोसायटीत १,००० माणसं, माणशी १३५ लिटर पाणी, त्यातलं फ्लशला ४५. म्हणजे मैलापाणी रोज साधारण १,१५,००० लिटर आणि फ्लशची गरज ४५,०००. थोडं बागेला, थोडं गाड्या धुवायला. उरलेलं जुलै महिन्यात कुठे जातं? गटारात. नागपूरला भांडेवाडीचं पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं, कारण तिथे घेणारं गिऱ्हाईक होतं. ते शोधणारी कंपनी निघाली तर तिच्यावर जरूर पान छापा.

आता ब्लोअर. साडेसात हॉर्सपॉवरचा ब्लोअर तासाला साधारण साडेपाच युनिट खातो. रात्री आठ तास बंद ठेवला की १० रुपये युनिटच्या हिशेबाने महिन्याला तेरा हजारांच्या आसपास वाचतात. वीजबिल सोसायटीचं, म्हणून ‘रात्री बंद ठेवत जा’ ही सूचना बऱ्याचदा कमिटीकडूनच येते. मग हवा थांबते, टाकीतला विरघळलेला प्राणवायू शून्याकडे जातो, गाळ (म्हणजे घाण खाणारे जिवाणू) तळाला बसतो आणि तळाशी बुडबुडे सोडणाऱ्या डिफ्यूजरच्या रबरी पडद्याची छिद्रं बुजू लागतात. एमबीबीआर (तरंगत्या प्लॅस्टिकच्या तुकड्यांवर जिवाणू वाढवणारा प्लांट) असेल तर त्या तुकड्यांवरचा तपकिरी थर काळा पडून सुटतो. नेमका सकाळी सहा ते नऊ दिवसातला सर्वांत मोठा लोंढा येतो, आणि वास पार्किंगपासून लिफ्टपर्यंत. यावर ॲप काय करणार? फार तर नोटिफिकेशन पाठवेल.

तेही प्रोब धड असेल तर. डीओ प्रोब, म्हणजे विरघळलेला प्राणवायू मोजणारा सेन्सर, डिफ्यूजरच्या थेट वर टांगला की बुडबुड्यांमुळे आकडा फुगतो. आठवड्याला पुसला नाही की त्यावर बुळबुळीत थर चढतो आणि तो भलतंच काही दाखवतो. पुसणार कोण? तोच ऑपरेटर, ज्याची गरज नाही! ‘लाइव्ह बीओडी’चं (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजायला किती प्राणवायू लागतो, त्या मापाचं) तर विचारूच नका. बीओडीची चाचणी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस चालते. ॲपवर दिसतो तो अंदाज, आणि त्याच प्लांटच्या प्रयोगशाळेतल्या नमुन्यांशी वेळोवेळी ताडून पाहिला नाही, तर त्याला काडीचा अर्थ नाही.

फ्लशच्या पाण्याला वास येतो, ही रहिवाशांची कायमची तक्रार. बऱ्याच प्लांटमध्ये त्याचं कारण अगदी साधं असतं. हायपो (क्लोरीनचं जंतुनाशक द्रावण) सोडतात सँड फिल्टरच्या आधी, पुढे कार्बन फिल्टर तो सगळा क्लोरीन खाऊन टाकतो, आणि ट्रीटेड टाकीत पोचतो शून्य. दुसरा डोस कार्बन फिल्टरनंतर द्यायचा आणि सगळ्यात लांबच्या फ्लॅटच्या फ्लशमध्ये लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो का ते थेंबांच्या किटने बघायचं. कॅन उन्हात ठेवलेला असेल तर हायपोचीच ताकद गेलेली असते, मग डोस वाढवूनही उपयोग नाही. हे काम बादली आणि डोसिंग पंपाचं आहे. यात कृत्रिम बुद्धिमत्ता आणायचीच असेल तर खुशाल आणा.

त्याच पानावरची ‘२४ तासांत खत’ ही चौकटही खटकली. ते यंत्र ओला कचरा बारीक करून वाळवतं, त्याला खत म्हणत नाहीत. पाणी लागलं की तो माल पुन्हा तापतो आणि वास मारतो. क्रेटमध्ये निदान दोन-तीन आठवडे, मुठीत दाबल्यावर जेमतेम ओलसर लागेल इतकी ओल ठेवून, वरखाली करत मुरवावा लागतो. त्यात मिसळलेला भुसा जास्त पडला तर कुंडीतली झाडं पिवळी पडतात, आणि शिव्या खातो माळी.

आणि हो, ज्या फोटोखाली ‘शुद्ध झालेले पाणी’ असं छापलंय, ती एअरेशनची, म्हणजे मैलापाण्यात हवा सोडायची टाकी आहे. वर एवढा पांढरा फेस आहे, म्हणजे प्लांट बहुधा नुकताच सुरू केलेला दिसतो. त्यात गाळ अजून पुरता तयारही झालेला नसावा.

आपला,
एक नियमित वाचक (एसटीपी देखभाल क्षेत्रातील), पुणे