मंत्रिमहोदय, चहातली शेवंती कुठल्या शेतातून आली?

प्रति,
माननीय कृषी व फलोत्पादन मंत्री

महोदय,

वाळवलेली शेवंती हल्ली ‘हर्बल चहा’ म्हणून पाकिटातून विकली जाते. पाकिटावर डोळे, झोप, पचन अशा सगळ्यांचं भलं होईल असं लिहिलेलं असतं. फूल खाण्यासाठी वाढवलं होतं की हारासाठी, हे बहुधा नसतं. आपल्याकडे तक्रार आहे ती एवढीच.

शेवंतीच्या औषधी गुणांना मी नावं ठेवत नाही. चिनी वैद्यकात ती शतकानुशतकं वापरात आहे, त्या देशाच्या अधिकृत औषधकोशातही तिची नोंद आहे. तिच्यातलं ल्युटिओलिन हे द्रव्य प्रयोगशाळेत दाह कमी करताना दिसतं. पेलाभर चहानं माणसातही तेच होतं, असा दावा करण्याइतका पुरावा मात्र नाही.

अडचण वेगळीच आहे. चहाची आणि सजावटीची शेवंती बहुतेक वेळा एकाच प्रजातीची, क्रिसॅन्थेमम मोरिफोलियम. वेगळं असतं ते तिचं संगोपन. फूल धरायला हिला लांब रात्र लागते, म्हणून उत्पादक काळं कापड ओढून दिवस लहान करतात. फुलणं पुढे ढकलायचं तर मध्यरात्री दिवे लावतात. या कौशल्याचं मला कौतुकच आहे. पण मावा, फुलकिडे, नागअळी या पिकाची पाठ सोडत नाहीत आणि फुलबाजाराला पाकळीवर डाग खपत नाही, तेव्हा फवारणी आलीच. कुंडीतलं झाड बुटकं राहावं म्हणून डॅमिनोझाइड हे वाढ रोखणारं रसायन फवारतात. अमेरिकेत खाद्यपिकांवर त्याचा वापर १९८९ मध्ये थांबला, शोभेच्या झाडांवर चालू राहिला. त्यात चूक नाही, फुलदाणीतलं फूल कुणी खात नाही. न खपलेलं तेच फूल वाळून चहाच्या पाकिटात जाऊ नये, याची खात्री कोण देणार?

(पायरेथ्रमचं पांढरं फूलही पूर्वी शेवंतीच्याच गटात मोजत. त्यातून कीटकनाशक काढतात! ‘शेवंती म्हणजे औषधी’ एवढ्याच ज्ञानावर त्याचाही काढा करणारे निघतील.)

तेव्हा चहाच्या पाकिटावर शास्त्रीय नाव आणि ‘खाण्यासाठी लागवड’ हा उल्लेख सक्तीचा करावा, कीटकनाशकांच्या अंशांची तपासणी व्हावी. शेवंती सूर्यफूल कुळातली, म्हणून त्या कुळातल्या वनस्पतींची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी इशारा छापावा. शोभेच्या कुंडीवर ‘खाण्यासाठी नाही’ एवढे दोन शब्द पुरेत.

आपला,
शेवंती लावणारा एक नागरिक