उंदीर कोण सांभाळतो?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘आपल्याकडे नोबेल का येत नाही’ हा आपल्या रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. कमी निधी, घोकंपट्टी, मंजुरीच्या फायली ही त्यात दिलेली कारणं खरीच आहेत. पण शरीरातल्या साध्या पेशीपासून मूलपेशी बनवून नोबेल मिळवणाऱ्या जपानच्या शिन्या यामानाकांना लेखकाने एका ओळीत उरकलं, ते मला खटकलं. मी एका संशोधन संस्थेच्या प्राणीगृहात तंत्रज्ञ म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. पिंजरे बदलणं, पिंजऱ्यातला भुसा ऑटोक्लेव्ह करणं, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणं, जोड्या लावणं, तीन आठवड्यांची पिल्लं आईपासून वेगळी करणं, कान टोचून नोंद ठेवणं, हे माझं काम. त्यामुळे यामानाकांची गोष्ट मला उंदरांच्या बाजूने दिसते.

हे गृहस्थ मुळात हाडांचे डॉक्टर. अमेरिकेत संशोधन करून 1996 मध्ये ओसाकाला परतले आणि तिथे उंदरांचे पिंजरेही स्वतःच साफ करू लागले, कारण ते करायला दुसरं कोणी नव्हतं. पुढे ते खचले आणि संशोधन सोडून पुन्हा दवाखान्याकडे वळायच्या बेतात होते, असं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. आमच्या प्राणीगृहात हे वाचून कोणी हसलं नसतं. पीएच.डी. झालेली माणसं एकीकडे पिंजरे घासत दुसरीकडे शोधनिबंध लिहिताना आम्ही रोज पाहत होतो.

डिसेंबर 1999 मध्ये त्यांना नारा विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत जागा मिळाली. 1991 साली सुरू झालेल्या या विद्यापीठात पदवीचे वर्गच नाहीत. फक्त मास्टर्स आणि पीएच.डी. होते, आणि मुलं बाहेरून, वेगवेगळ्या शाखांतून येतात. नॉकआउट उंदीर, म्हणजे एखादं जनुक मुद्दाम बंद केलेले उंदीर, तयार करणारा माणूस संस्थेला हवा होता. यामानाका तेव्हा 37 वर्षांचे होते, नाव कुणाला माहीत नव्हतं, तरी स्वतंत्र प्रयोगशाळा मिळाली. विद्यार्थी मात्र आपली प्रयोगशाळा स्वतः निवडतात, म्हणून त्यांनी नव्या मुलांपुढे मोठंच स्वप्न मांडलं: भ्रूणाला हात न लावता, प्रौढ शरीरातल्या साध्या पेशीपासून मूलपेशी, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकणाऱ्या पेशी, बनवायच्या. त्या स्वप्नाला भुलून आलेल्यांपैकी काझुतोशी ताकाहाशी चक्क इंजिनिअरिंगचे पदवीधर होते.

आता लेखात नसलेला भाग. योशिमी तोकुझावा या विद्यार्थिनीने एफबीएक्स-15 नावाचं जनुक बंद केलेले उंदीर तयार केले. हे जनुक मूलपेशींमध्ये जोरात चालू असतं, म्हणून ते बंद केलं की काहीतरी मोठा बिघाड दिसेल अशी अपेक्षा होती. पण उंदीर ठणठणीत निघाले. खाल्लं, प्यायले, पिल्लं दिली. 2003 साली ते प्रसिद्धही झालं. आमच्याकडे अशा वेळी साहेबांचा निरोप येतो, ‘ही लाइन (म्हणजे उंदरांचा हा वंश) बंद करा, जागा रिकामी करा.’

तिथे ती लाइन जगवली गेली. या उंदरांमध्ये एफबीएक्स-15 च्या जागी, पेशीला मारक औषधापासून वाचवणारं जनुक बसवलेलं होतं, आणि तेही मूलपेशीतच चालू होणारं. त्यामुळे यांच्या शेपटीतल्या साध्या पेशींना मूलपेशीचं रूप आलं, तरच त्या औषधात तगणार; बाकीच्या मरणार. म्हणजे बिनकामाचा ठरलेला उंदीर अचूक चाळणी झाला. 2004 मध्ये यामानाका क्योतो विद्यापीठात गेले, ताकाहाशीही सोबत गेले. निवडलेली 24 जनुकं या उंदरांच्या पेशींमध्ये एकेक करून घातली, काही झालं नाही. सगळी एकदम घातली तेव्हा पेशी तगल्या. मग एकेक वगळत चार उरली. 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या पेशींवरचा शोधनिबंध आला, आणि 2012 साली ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन गर्डन यांच्यासोबत नोबेल. 2007 च्या शोधनिबंधावर लेखक म्हणून तोमोको इचिसाका यांचंही नाव आहे. त्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ. आमच्यापैकी कुणाचं नाव लेखकांच्या यादीत आलेलं मी पाहिलं नाही. आभाराच्या परिच्छेदात ‘प्राणीगृहातील कर्मचारी’ एवढं आलं, तरी आम्ही ते पान झेरॉक्स करून ठेवायचो.

मी होते त्या संस्थेत एका तरुण शास्त्रज्ञाने दोन वर्षं खपून नॉकआउट लाइन उभी केली. प्रकल्पाची मुदत संपली आणि त्यासोबत कंत्राटी मुलांचे पगारही थांबले. कायम जागा भरल्या जात नव्हत्या. उरलेल्या आम्हा दोघींना एवढे पिंजरे निभणं शक्य नव्हतं. भ्रूण गोठवून ठेवायचं म्हटलं तर त्यासाठी खर्चाचं शीर्षक नव्हतं. शेवटी लाइन संपवली. ती चाळणी ठरली असती की नाही, कोण सांगणार? पुढच्या वर्षी मात्र लाखो रुपयांचं सूक्ष्मदर्शक आलं. फीत कापायला पाहुणे आले, आणि आपल्याच वर्तमानपत्रात फोटोसह बातमीही आली.

जपानात सगळं आलबेल आहे असं माझं म्हणणं नाही. नोबेलनंतरही आपल्या संस्थेतले बहुतेक कर्मचारी मुदतीच्या करारावर आहेत, अशी तक्रार यामानाका स्वतः करत राहिले, आणि देणग्यांसाठी मॅरेथॉन धावले. ती तक्रार ते जाहीरपणे करत होते. आपल्याकडे एखादा संचालक प्राणीगृहाच्या रिकाम्या जागांवर पत्रकार परिषदेत बोलल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

दोन सूचना. प्रकल्प मंजूर करताना, तो संपल्यानंतरची किमान दोन वर्षं उंदरांची लाइन जगवण्याचा किंवा तिचे भ्रूण गोठवण्याचा खर्च मंजुरीतच धरावा, आणि सांभाळणाऱ्यांच्या जागा प्रकल्पाला न बांधता संस्थेच्या आस्थापनेवर ठेवाव्यात. आणि नव्या यंत्राच्या उद्घाटनाला आपला वार्ताहर जाईल तेव्हा त्याने परतण्याआधी प्राणीगृहाच्या दारावर जाऊन, आज ड्युटीवर कोण आहे आणि त्याचं कंत्राट कधी संपतं, एवढं विचारून यावं.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, पुणे