ती डिस्क आत्ता लावू नकोस

पुणे, रविवार

प्रिय मध्या,

सात महिन्यांत एक फोन नाही आणि आता एकदम पत्र. शिव्या घालून घे, मग पुढे वाच. तब्येत बरी, बीपीची गोळी चालू.

काकूंचा फोन आला होता. गणपतीत येशील तेव्हा बाप्याचा आवाज घेऊन ये म्हणाल्या, पोरीला बाबाचा आवाज नीट आठवत नाही. मी छाती फुगवून सांगितलं, काकू, एक नाही, दोन-दोन डिस्कवर ठेवलाय. फोन ठेवून बघतो, तर 'तालमी २००९' फोल्डरच नाही.

दोन वर्षांपूर्वी मी घरी नॅस बसवला, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून फाइली ठेवायचा डिस्कचा डबा, फ्रीज बदलायचे पैसे घालून. (ते अजून ऐकतोय.) चार-चार टीबीच्या दोन डिस्क, एकमेकींचा आरसा. एक मेली तर दुसरी आहे, म्हणून मी निर्धास्त. पण आरसा तो आरसाच रे! मे महिन्यात दुबार फाइली साफ करताना ते फोल्डर मीच उडवलं असणार. एकीवरून गेलं त्याच क्षणी दुसरीवरूनही गेलं. नेटवर्कवरून उडवलेलं लॅपटॉपच्या रिसायकल बिनमध्ये येत नाही, आणि नॅसवरचं बिन मी कधी चालूच केलं नव्हतं. स्नॅपशॉटही नव्हते, म्हणजे फाइली त्या-त्या वेळी कशा होत्या याच्या टिपून ठेवलेल्या स्थिती. ते असते तर एप्रिलमधलं फोल्डर जसंच्या तसं काढता आलं असतं, आणि जागाही बदललेल्या भागापुरतीच गेली असती. आता दर तासाला लावलेत. बैल गेला नि झोपा केला. रिकव्हरी करून पाहिली, नावं सापडली, आवाज एकातही नाही. वर आमच्या हंपीचे व्हिडिओ बसलेत.

मग तू आठवलास. २०११ साली 'तीन दिवसांत देतो' म्हणून नेलेली माझी पाचशे जीबीची पोर्टेबल! तुझ्या लग्नात मी आहेर दिला नाही तो तिच्यावरूनच. तालमी त्यात आहेत, मीच भरून दिल्या होत्या. एक प्रत घराबाहेर हवी म्हणतात ना, माझी इतकी वर्षं चिपळूणला पडून आहे आणि मी चारचौघांत तुला चोर म्हणत आलो.

पण मध्या, २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी तुझ्या घरात शिरली तेव्हा ती कुठे होती? माळ्यावर, की खालच्या लोखंडी कपाटात? हे विचारायचीही लाज वाटते. तेव्हा मी दोनदा फोन लावला, लागला नाही, थोडे पैसे पाठवले आणि मोकळा झालो. तू त्यावर कधी चकार शब्द काढला नाहीस, ते जास्त लागतं.

भिजली असेल तर वाळवत बसू नकोस आणि तुझ्या त्या मोबाइलसारखी तांदळात पुरू नकोस. कोरडी असली तरी लावायची नाही. इतकी वर्षं पडलेल्या डिस्कचं हेड तबकडीला चिकटून बसलेलं असू शकतं, मग टकटक होते आणि ओरखडे पडत जातात. शिवाय विंडोज विचारेल 'फॉरमॅट करू का' आणि तू 'हो' दाबशील. प्रॅक्टिकलच्या दिवशी काय केलंस ते मी विसरलेलो नाही.

मी शनिवारी सकाळच्या एसटीने येतो, लिनक्सचा लॅपटॉप आणि कोरी डिस्क घेऊन. डीडीरेस्क्यू हा डिस्कची नक्कल उतरवणारा प्रोग्रॅम आधी सहज वाचता येतं तेवढं उचलतो, खराब जागा बाजूला ठेवून नंतर पुन्हा प्रयत्न करतो. मग जे करायचं ते त्या नकलेवर. मूळ डिस्कला परत हात नाही. आणि मिळालंच, तर काकूंना देण्याआधी तुझ्या शिव्या कापाव्या लागतील. दुसऱ्या अंकात बाप्या वाक्य विसरला तेव्हाच्या.

दुकानाचं कर्ज फिटलं का? पिंट्याची यंदा बारावी ना? वहिनींना नमस्कार, आहेर घेऊन येतोय म्हणावं.

काकूंना अजून काही सांगितलेलं नाही.

तुझा,
सुध्या

ता.क. तिची केबल शोधून ठेव. जुनी, जाड टोकाची, मिनी यूएसबी. हल्लीची बसत नाही.