भूमितीच्या पेपरात मार्क नक्की कशाचे?

संपादक साहेब, नमस्कार. दहावीबद्दल तुमच्याकडे येणारी पत्रं बहुतेक कॉपी नाहीतर पेपरफुटीची असतात, माझं जरा वेगळं आहे, जमलं तर छापा.

माझी मुलगी यंदा दहावीला, मराठी मीडियम. परवा प्रीलिमचे पेपर हातात मिळाले. गणित भाग २ म्हणजे भूमितीला ४० पैकी २९. मार्क कमी पडले म्हणून हे लिहीत नाहीये, २९ ला आमच्याकडे कोणी रडत नाही. पण पायथागोरसचं प्रमेय सिद्ध करा असा ३ मार्कांचा प्रश्न होता, तिथं तिला मिळालाय १, तोही बहुतेक आकृतीचा असावा, आणि शेजारी लाल पेनानं लिहिलंय, 'पुस्तकातली सिद्धता लिहिणे'.

पुस्तकातली म्हणजे काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर लंब टाकायचा, मग त्रिकोण समरूप दाखवायचे, संगत बाजूंची गुणोत्तरं मांडायची आणि शेवटी दोन समीकरणांची बेरीज. हिनं काय केलं, तर एक मोठा चौरस काढला, चार कोपऱ्यांत तोच काटकोन त्रिकोण चार वेळा बसवला, मधे कर्णावरचा तिरपा चौरस उरला, मोठ्या चौरसाचं क्षेत्रफळ दोन प्रकारे लिहिलं आणि दोन्हीकडचं सारखं होतं ते उडवलं. सात ओळीत विषय संपला. ही काय तिनं शोधून काढलेली गोष्ट नाही, भास्कराचार्यांनी पण चार त्रिकोण कर्णावरच्या चौरसात मांडून हे दाखवलंय.

मी काही गणितातला माणूस नाही, घरबांधणीची छोटी कामं घेतो. पाया आखताना एका दोरीवर ३ फुटाला खूण, दुसरीवर ४ फुटाला, आणि तिरपं माप ५ भरलं की कोपरा काटकोनात, एवढाच माझा पायथागोरस, तोही एका गवंड्यानं शिकवलेला. हे घरी सांगितलं तर पोरगी म्हणते, पप्पा, तो व्यत्यास झाला, म्हणजे उलट बाजूनं वाचलेलं प्रमेय, मूळ प्रमेय नाही. बरं बाई.

आणि खरी गंमत पुढंच आहे. तिच्या उत्तरात एक चूक आहेच. आतल्या चौकोनाच्या चारही बाजू कर्णाएवढ्या हे तिनं लिहिलं, पण त्याचे कोन ९० अंशाचे का, हे लिहिलंच नाही, आणि नुसत्या बाजू सारख्या असल्या तर तो चेपलेला समभुज चौकोनही असू शकतो ना. त्रिकोणाचे दोन लघुकोन मिळून ९०, सरळ रेषेचे १८० त्यातून ते गेले की उरले ९०, ही एक ओळ हवी होती. त्याचा अर्धा मार्क कापा, एक कापा, माझी काहीच हरकत नाही. पण ही चूक मला दुसऱ्या दिवशी जेवताना तिनंच सांगितली, पेपरवर त्या जागी लाल पेन लागलेलंच नाही. म्हणजे मार्क गेले ते चुकीचे नाही, वेगळं लिहिल्याचे गेले.

शाळेत जाऊन भेटलो. बाई चांगल्या आहेत, आवाज चढवून बोलल्या नाहीत, म्हणाल्या बोर्डात तपासणारा कोण असेल सांगता येत नाही, कशाला रिस्क घ्यायची. त्यांच्यापुढं टेबलावर दोन तुकड्यांचे गठ्ठे होते, ते पाहून मला पुढं बोलवेना. आता त्यांना बोल लावायचा तरी कसा.

पण मग हे पोरांना आधी सांगायला काय हरकत आहे? पक्ष (काय दिलंय), साध्य (काय सिद्ध करायचं), रचना यांना किती, सिद्धतेला किती, कंसातलं कारण नाही लिहिलं तर किती जातो, हे सगळं पेपर हातात पडल्यावर कळतं. हिच्या वर्गातल्या एकानं समरूपतेचं उदाहरण अगदी बरोबर सोडवलं आणि 'को-को कसोटी' (दोन कोन सारखे म्हणून त्रिकोण समरूप) एवढे दोन शब्द लिहायचे राहिले म्हणून अर्धा गेला. गेला ते बरोबरच, भूमितीत कारणाशिवाय काय उरतं, पण रचनेच्या आकृतीत कंपासनं काढलेले कंस खोडले तर मार्क जातो हे सुद्धा पोरांना एकमेकांकडून कळतं.

अंतर्गत २० मार्कांचं तर बोलूच नये. ४० अधिक ४० लेखी आणि हे २०. गृहपाठाच्या वहीला कव्हर आहे का, समास आखलाय का, आकृती पेन्सिलनं आहे का, हे पाहून जवळपास सगळ्यांना १८ नाहीतर १९. ज्यानं अख्खी वही गाइडवरून उतरवली त्यालाही तेच. तिथं एवढा हात सैल आणि पायथागोरसला एवढा आवळलेला, हे मला कळत नाही.

बोर्डाच्या निकालानंतर निदान उत्तरपत्रिकेची छायाप्रत तरी मागता येते. प्रीलिमला ती सोय नको, फक्त एक पानभर कागद जूनमध्ये वर्गात लावा, कुठल्या पायरीला किती मार्क आणि दुसऱ्या पद्धतीनं बरोबर आलं तर चालेल की नाही. चालणार नसेल तर तसं स्पष्ट लिहा, पोरं त्या हिशोबानं पाठ करतील.

आमची तर लागलीच आहे. हे लिहितोय तर आतल्या खोलीतून लंब टाकल्याचा आवाज येतोय, तिसऱ्यांदा.

– एक पालक, कराड