शिबिराची वेळ विडी कामगार महिलांना विचारून ठरवावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागात क्षयरोग तपासणीची शिबिरे होतात, त्यांना विड्या वळणाऱ्या महिला फारशा येत नाहीत आणि मग ‘लोकांमध्ये जागृतीच नाही’ असे म्हणून विषय संपवला जातो. आरोग्यसेविका म्हणून या वस्त्यांमध्ये अनेक वर्षे हिंडल्यानंतर मला हे म्हणणे अन्यायाचे वाटते.

१९५० च्या दशकात अमेरिकेतही हाच प्रश्न पडला होता. क्ष-किरण तपासणीची गाडी मोफत आणि घराजवळ येऊनही लोक का येत नाहीत, याचा शोध घेताना तेथील सार्वजनिक आरोग्य सेवेतील मानसशास्त्रज्ञांनी ‘हेल्थ बिलीफ मॉडेल’ हा सिद्धांत मांडला. त्यांच्यापैकी गॉडफ्री हॉकबॉम यांच्या पाहणीत, आपल्यालाही क्षय होऊ शकतो आणि तो लवकर सापडला तर फायदा होतो, या दोन्ही गोष्टी पटलेल्यांपैकी ८२ टक्के लोकांनी स्वतःहून तपासणी करून घेतलेली आढळली; दोन्ही न पटलेल्यांत हे प्रमाण २१ टक्के होते. रोग किती गंभीर वाटतो, वाटेत अडथळे कोणते आणि पाऊल उचलायला निमित्त काय मिळते, हेही हा सिद्धांत विचारायला लावतो.

आपले फलक रोगाच्या भयंकरपणापाशीच थांबतात. भीती या बायकांना पुरेशी आहे. पण खोकला आला की ‘तंबाखूमुळे असेल’ अशी त्या स्वतःची समजूत घालतात, म्हणजे धोका आपला वाटतच नाही. मजुरी हजार विड्यांवर मिळते. सकाळ शिबिरात गेली की त्या दिवसाचा हिशेब कोलमडतो. आणि सर्वांत मोठा अडथळा कोणी उघड बोलत नाही: गल्लीत क्षयरोगी म्हणून नाव झाले तर मुलीचे लग्न कसे जमायचे?

म्हणून महापालिकेच्या आरोग्य विभागाला माझी विनंती आहे की, शिबिराची तारीख ठरवण्यापूर्वी त्या गल्लीतील दहा-वीस घरी जाऊन बोलावे, आणि तेही शक्यतो त्यांच्या तेलुगूत. विड्या जमा करायला महिला कारखान्यात जातात, तेथेच थुंकीच्या तपासणीची डबी द्यावी. सकाळचा नमुना घरी घेता येतो, त्यासाठी रोजगार बुडत नाही. उपचार मोफत आहेत आणि क्षयरुग्णांच्या आहारासाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून उपचाराच्या काळात महिन्याला १,००० रुपये मिळतात, हे निदान झाल्यावर नव्हे, तर आधीच सांगावे. तपासणीचा निकाल मात्र दारात उभे राहून, शेजारणीच्या देखत कधीही सांगू नये. मी स्वतः नोकरीच्या सुरुवातीला ही चूक केली होती आणि त्या घराचे दार मला पुन्हा उघडले नाही.

शिबिराच्या अहवालात किती जणी आल्या याची नोंद असते. ज्या आल्या नाहीत त्यांच्या घरी जाऊन कारण विचारावे आणि तेही त्याच अहवालात लिहावे.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, सोलापूर