बर्क, बर्किंग आणि तुझा मोबाईल

नाशिक

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

दुचाकीवरच्या पोरांनी तुझा मोबाईल हातातून हिसकावला आणि ठाण्यात तुला 'गहाळ' असा दाखला मिळाला, हे वाचून हसावं की चिडावं कळेना. वर तुझा पोलिसातला मेहुणा म्हणतो, "दाजी, याला आमच्यात बर्किंग म्हणतात." शब्द आला कुठून, असं तू विचारलंस. ऐक.

बर्क हे एका खुन्याचं आडनाव. विल्यम बर्क आणि विल्यम हेअर, दोघे आयरिश, राहायला स्कॉटलंडच्या एडिनबरोत. हेअरच्या घरात भाडेकरू उतरत. १८२७ च्या अखेरीस त्यातला एक म्हातारा ४ पौंड थकवून आजारानं गेला. या दोघांनी शवपेटीत झाडाची साल भरली आणि प्रेत डॉ. रॉबर्ट नॉक्सच्या शरीरशास्त्राच्या वर्गाला ७ पौंड १० शिलिंगांना विकलं. त्या काळी फाडायला कायद्यानं प्रेतं मोजकीच मिळायची, आणि शिकणाऱ्यांची तर गर्दी. दर चांगला आहे म्हटल्यावर कोणी मरायची वाट बघण्यात अर्थ उरला नाही. १८२८ मध्ये त्यांनी १६ जणांना मारलं. दारू पाजायची, अंगावर बसून छाती दाबायची, नाकतोंड बंद करायचं. ना जखम, ना वळ. माल ताजा, आणि नॉक्सकडे कोणी खोदून विचारायचं नाही.

३१ ऑक्टोबरला शेवटचा खून झाला. त्या बाईचं प्रेत पेंढ्याखाली सोबतच्या भाडेकरूंना दिसलं आणि बिंग फुटलं. हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला. नॉक्सवर खटलाच झाला नाही. बर्क २८ जानेवारी १८२९ ला फासावर गेला. खाली जमाव ओरडत होता, "बर्क हिम! दोर देऊ नका!" यालाही तसंच गुदमरवा, असं. म्हणजे माणूस जिवंत असतानाच त्याच्या नावाचं क्रियापद झालं होतं. पुढे त्याचीही चिरफाड झाली. सांगाडा आजही एडिनबरो विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे.

आधी अर्थ होता, खूण न ठेवता गुदमरवून मारणं. मग चौकशी, प्रश्न, अहवाल, काहीही गुपचूप दडपलं की ते 'बर्क' केलं म्हणू लागले. आपण मुस्कटदाबी म्हणतो तेव्हाही हात तोंडावरच असतो की! फक्त त्यासाठी आपल्याला कुणा खुन्याचं नाव घ्यावं लागलं नाही.

इंग्लंडात हा शब्द आता फारसा कानावर पडत नाही, आपल्या पोलीस खात्यात मात्र तो ठणठणीत आहे. बर्किंग म्हणजे गुन्हा नोंदवूनच न घेणं. हिसकावलं तर 'गहाळ' लिहायचं, मारहाण झाली तर एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, करून वाटेला लावायचं, नाहीतर नुसता अर्ज घेऊन ठेवायचा. कारण उघड आहे. गेल्या वर्षीपेक्षा आकडा वाढला की ठाण्याच्या प्रभारीला वरून झाडतात, कमी झाला की शाबासकी. म्हणून मला हवालदारापेक्षा वर बसलेल्यांचा राग जास्त येतो. आकडा खाली आला की तो कसा आला हे तेही नॉक्ससारखं विचारत नाहीत.

ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १२ नोव्हेंबर २०१३ ला निकाल दिला, की तक्रारीतून दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलिसांना कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास करता येतो असा, दिसत असेल तर एफआयआर नोंदवलाच पाहिजे. त्या निकालातही बर्किंगचा उल्लेख आहे. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्यात ३ वर्षं ते ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांना १४ दिवसांच्या प्राथमिक चौकशीची वाट ठेवली आहे. ती वाट कशी वापरली जाते, ते तुझा मेहुणा माझ्यापेक्षा चांगलं सांगेल.

तू आता एक कर. घडलं तसं लिही. 'हरवला' नको, 'हिसकावला' लिही. वेळ, जागा, गाडीचा रंग, सगळं घाल. ठाण्यात पुन्हा नाही म्हणाले तर तोच मजकूर पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठव, याच नव्या कायद्याच्या कलम १७३(४) खाली. तिथूनही काही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करू, तो मी लिहून देतो. आणि गुन्हा नोंदला की एफआयआरची प्रत फुकट मिळते, झेरॉक्सचेही पैसे देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अन्या