टाकी भरली, मासे अजून नाहीत

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

फोनवर अर्धवट सांगितलं होतं, पण हे सगळं नीट बसून लिहावंसं वाटलं. घरात फिशटँक आणला आहे. जुनाच, स्टँडसकट. एक कुटुंब घर बदलत होतं, त्यांना तो सोबत न्यायचा नव्हता. टाकी ९० सेंटीमीटर लांब, ४० रुंद आणि ४५ उंच. म्हणजे काठोकाठ भरली तर १६२ लिटर. आई, तू लगेच विचारशील, "एवढं वजन कशाला घरात?" विचार बरोबर आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, वर काच, खडी आणि स्टँड. हिशेब सव्वादोनशे किलोच्या आसपास जातो. तीन मोठी माणसं रात्रंदिवस एकाच जागी उभी राहावीत तसं. म्हणून खोलीच्या मधे न ठेवता भिंतीला लागून, कोपऱ्याजवळ जागा ठरवली.

घ्यायला गेले तेव्हा टाकी रिकामी आणि कोरडी होती. जुन्या टाकीत तेच फसवं असतं. काचेवर पांढरे क्षार बसले होते, त्यांची मला काळजी नव्हती. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास चिकटवून ठेवलं की क्षार सुटतात. साबण मात्र अजिबात लावला नाही. काचेच्या सांध्यांवरून बोट फिरवलं तर एका कोपऱ्यातलं सिलिकॉन पिवळं पडून कडेने किंचित सुटलेलं लागलं. तरीही आणली, कारण काचेला कुठे टवका नव्हता आणि सांध्याचं काम घरी करता येतं.

घरी आल्यावर खाली वर्तमानपत्र पसरून टाकी भरली आणि दोन दिवस तशीच ठेवली. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पाहिलं तर त्याच कोपऱ्याखाली कागदावर नाण्याएवढा ओला डाग. पाणी वाहत नव्हतं, थेंबही दिसत नव्हता, फक्त कागद गडद झालेला. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. नुसती पाहून भरली असती आणि मासे सोडल्यावर हे झालं असतं तर काय केलं असतं?

मग आतली सिलिकॉनची पट्टी चारही बाजूंनी ब्लेडने खरवडून काढली. फक्त त्या कोपऱ्यावर थोडं लावून भागत नाही, कारण नवं सिलिकॉन जुन्या सिलिकॉनला नीट धरत नाही. दोन काचांच्या मधलं, टाकीला जोडून धरणारं सिलिकॉन मात्र सोडलं तसंच. स्पिरिटने काच पुसून, बुरशीनाशक नसलेलं साधं सिलिकॉन भरलं आणि आठवडाभर हात लावला नाही. सुरुवातीला व्हिनेगरसारखा वास येत होता, तो पूर्ण गेल्यावरच पुन्हा पाणी भरलं. यावेळी कागद दोन्ही दिवस कोरडा.

स्टँड लोखंडी अँगलचा आहे. गंज पॉलिश पेपरने घासला, रेड ऑक्साइड मारला, वरून रंग दिला. गंज वरवरचाच होता, जोड पक्के होते. नाहीतर मी तो घेतलाच नसता. स्टँडवर प्लायवूड, त्यावर थर्माकोलचा शीट आणि त्यावर टाकी. लहानसा खडा किंवा उंचवटा राहिला तर तळाच्या काचेवर एकाच जागी दाब येतो, थर्माकोल तो सामावून घेतो.

बाबा, तुमची ती जुनी पाणसळ मी नेली होती ना, ती कामाला आली. बुडबुडा अगदी थोडा उजवीकडे होता, मी म्हटलं चालेल. टाकीत चार बोटं पाणी भरलं आणि चारही कोपऱ्यांत वरच्या काठापासून पाण्यापर्यंत पट्टीने मोजलं, तर डावीकडे आणि उजवीकडे ४ मिलिमीटरचा फरक. जमिनीलाच उतार होता. पाणी सगळं काढलं, स्टँडच्या डाव्या पायांखाली पातळ पत्र्याचे तुकडे सरकवले आणि मग पुन्हा भरलं. टाकीखाली तुकडे घालायचे नसतात, स्टँडखालीच घालायचे.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते.

बाबा, मी नऊ वर्षांची असताना तुम्ही माझ्यासाठी पाच गोल्डफिश आणले होते. संध्याकाळी टाकी भरली आणि त्याच रात्री मासे सोडले. पाचव्या दिवशी ते वर येऊन तोंड उघडबंद करू लागले. तुम्ही रात्री जागून सगळं पाणी बदललंत, खडी आणि फिल्टरचा स्पंज साबणाने स्वच्छ धुतलात. आठवड्याभरात एकही उरला नाही. मी रडत म्हणाले होते, "तुम्हीच मारलेत." तुम्ही काही बोलला नाहीत, टाकी माळ्यावर ठेवून दिलीत.

माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो. तो त्यांच्या कल्ल्यांना जाळतो, म्हणून ते हवेसाठी वर येतात. एका प्रकारचे जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, आणि ते थोडं साठलं तरी मासे सहन करतात. हे जिवाणू स्पंजवर आणि खडीवर वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीत ते नसतातच. तुम्ही स्पंज धुतलात तेव्हा जे थोडेफार रुजू लागले असतील तेही गेले, आणि नळाच्या ताज्या पाण्यातलं क्लोरिन वेगळंच. पण हे तुम्हाला कोण सांगणार होतं? ज्याने मासे विकले त्याने त्याच दिवशी पिशवीत बांधून दिले. तुम्ही जे केलंत ते वाचवण्यासाठीच केलंत. मी म्हणाले ते चुकीचं होतं बाबा, आणि इतकी वर्षं ते मागे घेतलं नाही, त्याबद्दल मला माफ करा.

म्हणून या टाकीत अजून मासा नाही. क्लोरिन काढायचं औषध घालून पाणी भरलं, फिल्टर सुरू केला आणि रोज माशांचं खाद्य चिमूटभर टाकते, तेच कुजून अमोनिया तयार होतो. टेस्ट किटच्या नळीतला रंग वहीत लिहून ठेवते. पहिले दोन आठवडे अमोनिया चढत गेला, तिसऱ्यात तो उतरला आणि नायट्राइटची नळी गडद जांभळी झाली. आज २६वा दिवस. अमोनिया शून्य आहे, नायट्राइट अजून फिकट जांभळा दिसतोय. दोन्ही शून्य आले आणि दोन-तीन दिवस तसेच राहिले की पाणी तयार.

आई, टाकीची उंची तुझे गुडघे डोळ्यांपुढे ठेवून निवडली आहे. खुर्चीत बसलीस की नजर सरळ पाण्यात जाते, वाकायला नको. विजेच्या तारा बोर्डाच्या खाली लोंबून मग वर जातील अशा सोडल्या आहेत, म्हणजे तारेवरून ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत पोचणार नाही. हेही तू आल्या आल्या बघणार, मला माहीत आहे.

मासे बाबांनीच निवडायचे. एकदम सगळे नकोत, आधी दोन-तीनच, कारण जिवाणूंनाही वाढत्या माशांच्या मानाने वाढावं लागतं. नळी स्वच्छ दिसली की त्याच दिवशी फोन करते, तुम्ही दोघं निघा.

तुमची,
धाकटी